जनुक-चाचणीत ‘धोका जास्त’ आला, म्हणजे आयुष्य कमी?

वणी तालुक्यातल्या एका शिक्षकाने विचारलं आहे. वय ३४. वडील ५१व्या वर्षी वावरातच हार्ट अटॅकने गेले, मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ५६व्या वर्षी. आबाजी मात्र ८८ वर्षं जगले, आणि आजी ९१ची होऊन अजून अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलते. मेहुण्याच्या आग्रहावरून त्यांनी नळीत थुंकी भरून जनुकांची चाचणी करून घेतली. अहवालात हृदयविकार ‘धोका जास्त’, मधुमेह ‘धोका जास्त’, अल्झायमर ‘मध्यम’. त्यांचे प्रश्न तीन. आता माझ्याकडे किती वर्षं धरायची? आजीचं आयुष्य माझ्या वाट्याला येऊ शकतं का? आणि धाकट्या बहिणीची सोयरीक चालू आहे, तर मुलाकडच्यांना हा अहवाल दाखवायचा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे रात्री झोप लागेल. त्या कागदावरून तुमची वर्षं मोजता येत नाहीत. मला येत नाहीत आणि तो कागद छापणाऱ्यांनाही येत नाहीत.

मी वैनगंगेच्या पट्ट्यात, धानाच्या मुलखात, २६ वर्षं डॉक्टरकी करतो आहे. इथे ओपीडीत जनुकांचा विषय रोज निघतो, फक्त त्याला कोणी जनुक म्हणत नाही. ‘आमच्या घराण्यातच हाय ते’, ‘बापाचं रक्त हाय सायेब, जाईन कुठी?’ असं म्हणतात. पूर्वी हे बोलून दाखवत, आता कोणी कोणी रंगीत अहवाल पुढे ठेवतो. आत गोष्ट तीच असते.

त्या कागदावर काय असतं ते आधी पाहू. माणसाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरं. तुमच्या-माझ्यात त्यातल्या तीस-चाळीस लाख ठिकाणी फरक असतो. प्रत्येक फरक म्हणजे एक व्हेरियंट; कोरोनाने हा शब्द गावोगाव पोचवला, त्यामुळे तोच वापरतो. यातले बहुतेक फरक काहीच करत नाहीत. काही थोडेसे कुठे तरी ढकलतात, कोणी कोलेस्टेरॉल दोन आकडे वर, कोणी इन्सुलिन जरा कमी. तुमच्या ‘धोका जास्त’मध्ये अशा शेकडो-हजारो बारक्या धक्क्यांची बेरीज आहे. ती बेरीज इतरांच्या बेरजेशी लावून तुम्ही रांगेत कुठे बसता ते सांगितलं आहे. रांगेतल्या जागेवरून वय निघत नाही.

आणि ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा? धरून चाला की तुमच्यासारख्या १०० पुरुषांपैकी १० जणांना साठीपर्यंत हृदयविकार होतो. तुमचा धोका १.४ पट आहे असं अहवाल म्हणत असेल, तर १०च्या जागी १४. उरलेल्या ८६ जणांच्या अहवालातही तुमच्यासारखाच लाल पट्टा असेल, आणि त्यांना साठीपर्यंत काही झालेलं नसेल. त्यात ही बेरीज करायची रीत मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नोंदींवर बसवलेली आहे. ती आपल्या माणसांवर तेवढी अचूक बसत नाही. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आहे तो, बाह्या कुठे तरी लांब होणारच.

आता मूळ गोष्ट. रोगाचा धोका वाढवणारे व्हेरियंट ज्यांच्यात जास्त, ते लवकर मरत असतील तर नव्वदी पार केलेल्यांमध्ये असे व्हेरियंट कमी सापडायला हवेत. ते गळून गेले असतील, नाही का? नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी हेच तपासलं. हृदयविकार, कर्करोग आणि टाइप-२ मधुमेह यांचा धोका वाढवतात असे ३० व्हेरियंट घेतले, आणि नव्वदी ओलांडलेल्या भावंडांमध्ये ते किती आहेत आणि मधल्या वयाच्या लोकांमध्ये किती आहेत, ते मोजलं. २०१०मध्ये निकाल छापला. दोन्हीकडे सारखेच. म्हातारे त्याच ओझ्यासह नव्वदीत पोचले होते.

मला या निकालाचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे एक आजी दर महिन्याला बीपीची गोळी न्यायला येतात. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, म्हणजे मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. खरं वय काढायला मी विचारलं, गांधीजी गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या? म्हणाल्या, “भाऊ माह्या काखेत होता, अन् परकर नेसत होती मी. मायनं चूल पेटवली नाही त्या दिसी.” १९४८ साली काखेत पोर घेऊन फिरणारी मुलगी धरली तर आज नव्वदीच्या आसपास. या बाईंना बीपी ३० वर्षांपासून, साखर १५ वर्षांपासून, एक भाऊ आणि एक मुलगा हृदयविकाराने गेलेले. जनुकांचा अहवाल काढला असता तर लाल पट्टेच दिसले असते. पण त्यांनी खर्रा कधी खाल्ला नाही, अंगावर मांस चढू दिलं नाही, आणि गोळी एकही दिवस चुकवली नाही. पोस्टकार्डाच्या मागे तारखा लिहून खुणा करतात. ते कार्ड मी पाहिलं आहे. दर खुणेजवळ गोळीचा रंगही लिहिलेला.

धोका म्हणजे रोग नव्हे, आणि रोग म्हणजे मरण नव्हे. या दोन पायऱ्यांच्या मध्ये माणूस, त्याचं घर आणि त्याचा दवाखाना उभा असतो.

तरीही हे मी फार ताणणार नाही, कारण याच विषयातला पुढचा अभ्यास वेगळी बाजू दाखवतो. २०१९मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक आई-वडिलांच्या आयुष्याच्या नोंदी त्यांच्या मुलांच्या जनुकांशी ताडून पाहिल्या. एवढा मोठा ढीग चाळल्यावर फरक दिसतो: जनुकीय बेरजेत वरच्या १० टक्क्यांत असणारे खालच्या १० टक्क्यांपेक्षा सरासरी ५ वर्षं जास्त जगतात. म्हणजे जनुकांचा परिणाम शून्य नाही. टोकापासून टोकापर्यंत ५ वर्षं, आणि तीही सरासरीत. एकट्या माणसाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. आणि ज्या जनुकांचा परिणाम तिथे ठळक दिसला ती पाहा. एक एपीओई, जे चरबी वाहून नेण्याचं काम करतं आणि ज्याचा ‘ई-४’ प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो. युरोपीय वंशाच्या लोकांत एक प्रत असेल तर सुमारे तिप्पट, दोन असतील तर दहा पटींच्या आसपास. शंभरी गाठणाऱ्यांमध्ये ई-४ खरोखरच कमी सापडतो, म्हणजे लायडनच्या निकालाला हा एक स्पष्ट अपवाद. दुसरं एलपीए, त्याच्याकडे पुढे येतो. आणि तिसरं आहे १५व्या गुणसूत्रावरचं निकोटिनशी संबंधित जनुक.

या तिसऱ्यापाशी थांबतो, कारण मला ते फार बोलकं वाटतं. या जनुकाचा एक व्हेरियंट असेल तर ओढणारा माणूस जास्त सिगारेटी ओढतो, सोडायला त्याला जास्त कठीण जातं, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने तो जास्त मरतो. आयुष्य कमी करणारं जनुक म्हणून ते यादीत येतं. पण ज्याने तंबाखूला हातच लावला नाही, त्याच्याकडे तोच व्हेरियंट मुकाट्याने बसून राहतो. मग आयुष्य कमी कोणी केलं? जनुकाने की टपरीने? हे अभ्यास सिगारेटवरचे आहेत, हे खरं. आपल्याकडे सिगारेटपेक्षा खर्रा. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटताना होणारा तो करकर आवाज बसस्टँडवर उतरल्या उतरल्या ऐकू येतो. पण निकोटिन तेच. पोरगं पंधराव्या वर्षी पहिली पुडी घेतं तेव्हा त्याच्यात कोणता व्हेरियंट आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि टपरीवाल्यालाही नसतं. मी माझ्या ओपीडीत तोंड न उघडणारी माणसं पाहतो. दोन बोटं आत जात नाहीत इतका जबडा आवळलेला. त्यांच्या जनुकांचा अहवाल मला नको असतो.

आयुष्यात वारशाचा वाटा एकूण किती, हा जुना प्रश्न. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या २,८७२ जुळ्यांच्या जोड्यांवरून १९९६मध्ये हिशेब मांडला गेला. माणसामाणसांच्या आयुष्यातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा वारशाचा निघाला. बरीच वर्षं हाच आकडा चालत होता. मग २०१८मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी संगणकावर लावून पाहिल्या, तर हा वाटा १० टक्क्यांच्याही खाली गेला. गंमत कशात होती? नवऱ्याचं आयुष्य बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याच्या आयुष्याशीही थोडंफार जुळत होतं. साडू-साडू! रक्ताचा काही संबंध नाही. मग जुळतं कसं? कारण माणसं आपल्यासारख्यांशीच लग्न करतात. परदेशातल्या संशोधकांना हे आकड्यांतून शोधावं लागलं. आपल्याकडे सोयरीक जमवणाऱ्या कोणत्याही मामाला विचारा, तो सांगेल: जमीन किती, विहिरीला पाणी आहे का, घर स्लॅबचं की कवेलूचं, नोकरी आहे का, हे सगळं पाहूनच बोलणी होतात. सुबत्ता सुबत्तेच्या घरी जाते, आणि तिच्याबरोबर वर्षंही जातात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, घराण्याचं आयुष्यच लांब.

शिवाय हा वाटा काही दगडावरची रेघ नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान ३२च्या आसपास होतं, आज ७०च्या आसपास आहे. दोन-तीन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, १९९९मध्ये त्याचा निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला तेव्हा त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. तीच गावं, तीच रक्तं. बाळाला ऊब, वेळेवर इंजेक्शन आणि दारात येणारी एक शिकलेली बाई, एवढाच फरक.

आता तुमच्या घराण्याकडे. एक प्रसंग सांगतो, मग तुम्हाला तुमच्या कुटुंबाचा कागद करायला सोपं जाईल. चाळिशीचा एक माणूस आला, बीपी १७०/११०. म्हणाला, “आमच्यात बीपी कोणालेच नव्हती.” मी केसपेपर उलटा केला आणि पाठीवर वंशावळ काढायला घेतली. पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, आजार असेल तर काळा भराव. त्याची आई शेजारी बसली होती, ती सांगत गेली. पणजोबा हगवणीत. त्यांचा एक भाऊ देवीने, दुसऱ्याला बांधीत नाग चावला. आजीच्या दोन बहिणी बाळंतपणात. आजोबा भिंत अंगावर पडून, पंचेचाळिशीत. चुलत आजोबा विजेने. वरच्या दोन ओळींत ११ माणसं होती. साठी ओलांडली फक्त दोघांनी. त्यांचं काय झालं? एकाला लकवा मारला, दुसरा झोपेतच गेला.

मी त्या दोघांचे चौकोन पेन्सिलने काळे केले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. बीपी त्यांच्या घराण्यात बहुधा आधीपासून होती, पण तिच्यापर्यंत पोचायला माणसं उरत नव्हती. ‘आमच्या आजोबांच्या काळी हे रोग नव्हते’ असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा भाग एवढाच आहे. उरलेला भाग तेल, साखर, बसून राहणं आणि खर्रा यांचा, तोही खोटा नाही.

असे उतारवयात त्रास देणारे व्हेरियंट निसर्गाने काढून का टाकले नाहीत, हे जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५२मध्ये फार साध्या तर्काने मांडलं, आणि त्यांच्या आधी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी त्याची खूण केली होती. (हे हॉल्डेन म्हणजे इंग्लंड सोडून भारताचे नागरिक झालेले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरात वारलेले शास्त्रज्ञ.) निसर्ग सुपात घेऊन पाखडतो ते लेकरं होईपर्यंत. जो दोष दहाव्या वर्षी मारतो तो पुढच्या पिढीत जात नाही. जो पंचावन्नाव्या वर्षी मारतो तो तोवर पोराबाळांत उतरलेला असतो. भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळालेली असतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००९मध्ये हे दाखवलं. पंचविसात एक माणूस म्हणजे तुमच्या शाळेच्या प्रत्येक वर्गात एखादा. त्रास झालाच तर बहुधा उतारवयाकडे, म्हणूनच हा बदल इतका पसरून टिकला.

आणि काही व्हेरियंट टिकले ते वाचवतात म्हणून. इथे विदर्भाचा माणूस असल्यामुळे मला सिकलसेलवर बोललंच पाहिजे.

हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, त्यामुळे बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढाच फरक. पण दोन्ही प्रती अशा असतील, म्हणजे ‘एसएस’, तर ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, आणि हाडं फोडून काढावी तसं दुखतं. थंडीत, रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून राहिल्यावर, तापात. अमेरिकेत १९९४मध्ये छापलेल्या आकड्यांत या रुग्णांचं मध्यक आयुष्य पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ४८ होतं. हा खरा आयुष्य कापणारा व्हेरियंट. मात्र एकच प्रत असेल, म्हणजे ‘एएस’, तर माणूस जवळपास तुमच्या-माझ्याइतकाच जगतो, आणि लहानपणी फॅल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या तापापासून त्याचा बऱ्याच अंशी बचाव होतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये आफ्रिकेत हे दाखवलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मलेरियाने किती लेकरं नेली याची कोणी मोजदाद ठेवली नसेल. ज्या घरांत लेकरं जगली त्यांतल्या कित्येकांत हीच एक प्रत होती.

तर हा व्हेरियंट आयुष्य कमी करतो की वाढवतो? प्रती किती, डास किती, दवाखाना किती लांब, यावर उत्तर बदलतं. आज आमच्याकडे ‘एसएस’चं पोर लहानपणीच ओळखलं, पेनिसिलिन आणि लशी वेळेवर दिल्या, पुढे हायड्रॉक्सियुरिया चालू ठेवलं, तर ते बारावीची परीक्षा देतं. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं म्हणून आजार सौम्य, असं पुस्तकात वाचून मी इथे आलो होतो. पहिल्याच पावसाळ्यात ते पुस्तक मिटलं. कोणाला सौम्य असतो, कोणाला नाही.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका शिबिरात मी एका तरुणाला चारचौघांत म्हणालो, “तुला सिकल आहे.” तो ‘एएस’ होता, वाहक, धडधाकट. मी वाहक हा शब्द उच्चारला नाही. रांग मोठी होती, मी घाईत होतो. आठ दिवसांत त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मी गावात जाऊन दोन्ही घरी समजावलं, पण तोवर ‘सिकलवाला’ हा शब्द माझ्या आधी पोचला होता. त्यानंतर मी कोणालाही असा निकाल बसवून, दार लावून, कागदावर चित्र काढूनच सांगतो.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: थुंकीचा तो अहवाल तुमचा आहे, बहिणीचा नाही. तिच्यात त्यातले निम्मे व्हेरियंट असतील, निम्मे नसतील. तो सोयरिकीत दाखवण्याचं काही कारण नाही, आणि दाखवला तर माझ्या त्या शिबिरासारखंच होईल. पण एक चाचणी मात्र बहिणीची आणि होणाऱ्या नवऱ्याची, दोघांचीही, बोलणी पक्की होण्याआधी करा: सिकलसेलची. तुमच्या यवतमाळकडेही तो आहे, आणि तो एकाच जातीत किंवा फक्त आदिवासींत असतो हा समज डोक्यातून काढा. आधी बोटातून रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री. १ जुलै २०२३ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे आरोग्य केंद्रात विचारा, पैसे पडू नयेत. दोघेही ‘एएस’ निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक. लग्न करावं की नाही ते त्यांनी ठरवावं. माहीत असून करणारे मी पाहिलेत, ते गरोदरपणातच तपासणीला येतात. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं, तर बाळ ‘एसएस’ असण्याची भीती नसते.

आता तुम्ही स्वतः. वडील ५१, मोठे बाबा ५६. मला तुमच्या अहवालापेक्षा हे दोन आकडे जास्त टोचतात. दोन सख्खे भाऊ साठीच्या आत हृदयविकाराने जाणं म्हणजे हजार बारक्या धक्क्यांची बेरीज असू शकते, दोघांच्याही तंबाखूची असू शकते (त्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही), किंवा एकाच मोठ्या दोषाची असू शकते. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आजार साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जन्मापासून वर. उपचार न केल्यास अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयाच्या नसांचा आजार होतो. ‘धोका जास्त’ या दोन शब्दांत तो झाकलेलाही राहू शकतो, कारण थुंकीच्या साध्या चाचण्या बऱ्याचदा हा दोष पाहतच नाहीत. तो पकडायला लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुरे. एलडीएल १९० मिलिग्रॅमच्या वर आला तर गाडी पकडून फिजिशियनकडे जा, आणि बहिणीचं व मुलांचंही तपासा. इथे औषध आहे, स्वस्त आहे, आणि ते आयुष्य वाढवतं.

त्याच वेळी एकदाच लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात चरबी वाहणारा एक कण, मोजून घ्या. वर एलपीए जनुक म्हटलं ते हेच. त्याची पातळी बहुतांशी जन्मानेच ठरते आणि दक्षिण आशियाई लोकांत ती जास्त असलेले पुष्कळ सापडतात. ती फारशी खाली आणता येत नाही, पण जास्त असेल तर बाकीच्या गोष्टींत सूट घेता येत नाही हे कळतं. ईसीजी, बीपी, साखर. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, करताना प्रयोगशाळेला सिकलसेलबद्दल सांगा. सिकलचं हिमोग्लोबिन असलं की तो आकडा काही पद्धतींत चुकतो, आणि आपल्या भागात हे विसरून मधुमेहाचं निदान चुकलेलं मी पाहिलं आहे.

सवयींबद्दल तुम्ही शिक्षक आहात, जास्त सांगत नाही. फक्त एक आकडा. २०१६मध्ये ५५ हजारांवर लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. त्यात हृदयविकाराचा जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्यांपैकी ज्यांनी चार गोष्टींपैकी किमान तीन सांभाळल्या (धूम्रपान नाही, स्थूलपणा नाही, नियमित व्यायाम, बरा आहार) त्यांना हृदयाचे झटके आणि तत्सम घटना जवळपास निम्म्या झाल्या. ४६ टक्के कमी. लाल पट्टा होता तसाच राहिला.

राहिली आजी. ९१ वर्षांची आजी असणं चांगलंच, पण एकट्या आजीवरून घराणं दीर्घायुषी ठरत नाही. लायडनच्याच लोकांनी पुढे पाहिलं तेव्हा, ज्यांच्या घरात एकापेक्षा जास्त पिढ्यांत अनेक जण आपल्या काळातल्या सर्वांत जास्त जगणाऱ्या १० टक्क्यांत होते, त्यांनाच हा वारसा ठळकपणे मिळालेला दिसला. अशा घरांतल्या मुलांना मध्यम वयातही मधुमेह, बीपी आणि हृदयविकार त्यांच्या जोडीदारांपेक्षा कमी होते. मग आजीला विचारायचं ते हे: तुझी भावंडं किती, कोण केव्हा गेलं, कशाने गेलं, तुझे आईबाप किती जगले. साप, देवी, बाळंतपण बाजूला काढा आणि मग मोजा. हे आत्ताच, तिला आठवतंय तोवर. (२०१०मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने १५० व्हेरियंटवरून शंभरी गाठणारा माणूस ७७ टक्के अचूकतेने ओळखता येतो असं ‘सायन्स’मध्ये छापलं होतं. जगभर बातमी झाली. पुढच्याच वर्षी तो लेख मागे घ्यावा लागला, मोजणीतच दोष होते. तेव्हापासून असल्या दाव्यांपेक्षा मला आजीची आठवण बरी वाटते.)

सुटीच्या दिवशी एक कोरा कागद घ्या, आजीजवळ बसा, चौकोन आणि गोल काढा. एलडीएलचा आकडा आला की कागदाबरोबर पाठवा. आणि आबाजींच्या नावापुढे तुम्ही ८८ एवढंच लिहिलंय. ते कशाने गेले, हे राहून गेलं आहे.